पहिल्या सेक्टरची वहिवाट

निजामाच्या मुलखातील अनेक गावी अठराव्या शतकात दुअंमल चालत असे. महसुलाचा एक हिस्सा निजामाच्या कचेरीत जाई आणि चौथ-सरदेशमुखीचा हिस्सा मराठ्यांचे कमाविसदार वसूल करीत. अशा गावात जमीन तीच असे, पीक तेच असे आणि रयतही तीच असे. तंटा उपस्थित होई तो बहुधा एवढ्याच मुद्द्यावर, की चावडीवर प्रथम कोणी बसावे, आणि जो बसला त्याने दुसऱ्याच्या माणसास वाट द्यावी की नाही. एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवू पाहणाऱ्यांच्या वाट्यास गेली तीनचार दशके जो मनस्ताप आला, त्याचे स्वरूप याहून फारसे निराळे नाही. विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवावे, काही महिने दोन्ही प्रणालींनी गुण्यागोविंदाने कालक्रमणा करावी, आणि एके दिवशी यंत्र सुरू करताच काळ्या पडद्यावर एक त्रोटक इंग्रजी ओळ उमटून सारे काही तेथेच थांबावे, हा अनुभव इतक्यांना आलेला आहे की त्यास आता नवलाई उरलेली नाही. यंत्राचा धनी समजतो की सर्वस्व गेले. दुकानदार निर्विकारपणे सांगतो की फॉरमॅट मारावा लागेल. आणि वस्तुतः दोन्ही प्रणाली, त्यांतील पत्रे, हिशेब व छायाचित्रे यांसह, आपापल्या जागी जशीच्या तशी असतात. नाहीसा झालेला असतो तो केवळ पहिल्या पायरीवरचा पत्ता. हा पत्ता कोणी लिहावा, कोठे लिहावा आणि कोणत्या अधिकाराने लिहावा, या प्रश्नाचा निवाडा प्रारंभी कोणीच केला नाही. आणि दुहेरी बूटच्या बिघाडांचा सारा इतिहास म्हणजे त्या न झालेल्या निवाड्याची फळे होत, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

संगणक स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. वीज मिळताच त्याची स्मृती कोरी असते, आणि आज्ञा कोठून वाचाव्यात हे सांगणारी आज्ञाही त्या कोऱ्या स्मृतीत नसते. १९७५ साली निघालेल्या अल्टेअर ८८०० या यंत्रात ही उणीव माणूस आपल्या बोटांनी भरून काढीत असे. दर्शनी फळीवरील खटके वरखाली करून तो एकेक संख्या स्मृतीत उतरवी, आणि असा छोटासा कार्यक्रम हाताने भरल्यावरच यंत्र मोठा कार्यक्रम वाचण्याजोगे होई. पुढे हे काम कायमस्वरूपी स्मृतीत कोरलेल्या कार्यक्रमाकडे सोपविण्यात आले, ज्यास आपण बायॉस म्हणतो. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला तेव्हा त्यातील बायॉसने पाळलेला नियम अत्यंत साधा होता : चकतीवरील पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, वाचावा, तो स्मृतीतील ठरलेल्या ठिकाणी ठेवावा, आणि त्यात जे काही लिहिले असेल त्याच्या हाती कारभार देऊन आपण बाजूला व्हावे. त्या सेक्टरात कोणाचे लेखन आहे, ते विश्वासू आहे की लबाड, याची चौकशी करणे बायॉसच्या कामात मोडत नव्हते.

त्या पहिल्या यंत्राबरोबर आयबीएमने तीन प्रणालींची नावे घेतली होती : पीसी डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. पहिलीची किंमत सुमारे ४० डॉलर आणि दुसरीची २४० डॉलर असल्यामुळे बाजाराने आपला कौल लवकरच दिला. परंतु एकाच यंत्राने एकाहून अधिक धनी ओळखावेत ही कल्पना त्या यंत्राच्या जन्मापासूनची आहे, हे विसरता येत नाही. त्या काळी दोन प्रणालींमध्ये कलह होण्याचे कारणही नव्हते, कारण प्रत्येकीची फ्लॉपी वेगळी होती आणि प्रत्येक फ्लॉपीस स्वतःचा पहिला सेक्टर होता. जी फ्लॉपी खाचेत घालावी तिचा अंमल, असा सरळ व्यवहार होता.

कलहाचे बीज पडले ते मार्च १९८३ मध्ये, जेव्हा आयबीएमने आपल्या एक्सटी या यंत्रात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क घातली आणि तिच्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती दिली. फ्लॉपी काढता-घालता येई, हार्ड डिस्क यंत्रात कायमची बसली. आणि तिचा पहिला सेक्टर एकच असल्यामुळे त्याची वाटणी करणे भाग पडले. ही वाटणी ज्यांनी केली त्यांनी ती काटकसरीने केली. ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ बाइट आज्ञांसाठी, पुढचे ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी, आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. तक्त्यात चार रकाने, प्रत्येक रकान्यास १६ बाइट, आणि चारांपैकी ज्या रकान्यावर चालू असल्याची खूण असेल त्या विभागाकडे कारभार सोपवावा, अशी ही रचना होती. चार रकाने ठेवण्यात दूरदृष्टी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. एका हार्ड डिस्कवर चार निरनिराळ्या प्रणालींस हद्दी आखून देता याव्यात हाच त्यामागील हेतू होता. परंतु हद्दी चार आखल्या तरी दरवाजा एकच राहिला, आणि त्या दरवाजावरचा ४४६ बाइटांचा पहारेकरी कोणाचा चाकर, हे सनदेत कोठेही लिहिले गेले नाही. जी प्रणाली सर्वांत शेवटी बसविली जाईल ती आपला पहारेकरी तेथे उभा करील आणि आधीच्यास रजा देईल, अशी वहिवाट आपोआप पडली. आणि वहिवाट एकदा पडली की ती मोडणे कायदा मोडण्याहून अवघड असते.

या जागेवर कोणाचाही पहारा नाही, ही गोष्ट प्रथम ओळखली ती विषाणू लिहिणाऱ्यांनी. १९८६ साली लाहोरच्या दोघा बंधूंनी लिहिलेला ब्रेन हा फ्लॉपीच्या बूट सेक्टरात राहणारा विषाणू जगभर पसरला. त्यानंतरच्या स्टोन्डने हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरात वस्ती केली. आणि दरवर्षी ६ मार्चला हार्ड डिस्कच्या आरंभीच्या भागावर कचरा लिहिणाऱ्या मायकेलअँजेलोने १९९२ साली वर्तमानपत्रांतून हाहाकार उडवून दिला. आपल्याकडील वाचकांस विशेष वाटावे असे नाव मात्र जोशी या विषाणूचे आहे. १९९० साली तो भारतात आढळला. एरवी तो गुपचूप पहिल्या सेक्टरात बसून राही, आणि ५ जानेवारीस यंत्र अडवून धरून आपणास इंग्रजीत 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकलिखित करावे अशी मागणी करी. त्या शुभेच्छा दिल्या की यंत्र पूर्ववत चालू लागे! हा विनोद निरुपद्रवी वाटला तरी त्यातील तत्त्व निरुपद्रवी नव्हते. प्रणाली सुरू होण्यापूर्वी जो हजर असतो त्यास प्रणाली जाब विचारू शकत नाही, हे त्याने सोदाहरण दाखवून दिले. पुण्यात दुरुस्तीचा व्यवसाय करीत असलेल्या कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी याच दशकात विषाणूनाशक आज्ञावलीचा जो उद्योग उभा केला, त्याची पार्श्वभूमी फ्लॉपीच्या देवघेवीतून पसरणाऱ्या अशाच संसर्गांची होती.

या संसर्गावर जो घरगुती उपाय रूढ झाला तो पुढे दुहेरी बूटच्या इतिहासात फार मोठी भूमिका बजावणारा ठरला. १९९१ च्या डॉस ५ मधील एफडिस्क या आज्ञेस 'एमबीआर' अशी जोड दिली असता ती पहिल्या सेक्टरातील विभागांचा तक्ता तसाच ठेवून वरच्या ४४६ बाइटांच्या जागी मूळच्या आज्ञा पुन्हा लिहीत असे. माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. दुरुस्ती करणाऱ्यांनी एकमेकांस सांगितलेली ती कानगोष्ट होती, आणि कानगोष्टीचे गुणदोष तिच्यात उतरले. बहुतेक विषाणू तिने हाकलले जात, पण मंकी नावाचा एक विषाणू मूळ तक्ताच उचलून सांकेतिक स्वरूपात अन्यत्र दडवून ठेवीत असे, आणि त्याच्यावर हा उपाय केला की विषाणूबरोबर विभागांचा ठावठिकाणाही नाहीसा होई. औषध रोगाची परीक्षा केल्यावाचून देऊ नये, हा धडा येथे मिळाला. तो सर्वांनी घेतला असे मात्र नाही.

अशा स्थितीत १९९१ साली हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला. त्याचे स्वतःचे यंत्र दुअंमलीच होते, कारण एका विभागात मिनिक्स ही प्रणाली होती आणि तिच्या आधारानेच तो आपली नवी प्रणाली घडवीत होता. विद्यापीठाच्या संगणकास फोन लावण्याची आज्ञा मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कच्या विभागाकडे गेल्यामुळे त्याचा मिनिक्सचा विभाग नष्ट झाला, आणि मिनिक्स पुन्हा बसवावे की आपल्याच प्रणालीवर राहावे या पेचातून त्याने दुसरा मार्ग पत्करला, असे त्यानेच आत्मकथनात सांगितले आहे. लिनक्सच्या स्वावलंबनाचा आरंभ अशा रीतीने एका बिघडलेल्या विभागापासून झाला, ही नियतीची थट्टाच म्हणावयाची.

परंतु ज्यांना डॉस सोडावयाचे नव्हते आणि लिनक्सही हवे होते, त्यांना पहिल्या सेक्टरात दोघांसही ओळखणारा पहारेकरी हवा होता. १९९२ साली वर्नर आल्मेसबर्गर याने लिहिलेला लिलो हा तो पहारेकरी. त्याची कार्यपद्धती समजून घेतल्यास त्या काळच्या बिघाडांचा उलगडा होतो. ४४६ बाइटांत फाइलव्यवस्था समजण्याइतकी बुद्धी मावत नाही. म्हणून लिलो हा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, हार्ड डिस्कवर नेमक्या कोणत्या सेक्टरांत पडला आहे याची यादी बसवितानाच करून ठेवीत असे, आणि सुरू होताना डोळे मिटून त्या यादीबरहुकूम सेक्टर उचलीत असे. गाभा बदलला, हलविला किंवा नव्याने बांधला, आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालविण्यास कोणी विसरले, की यादी जुनी ठरे आणि यंत्र अडे. मात्र अडताना ते मुके राहत नसे, हे लिलोचे वैशिष्ट्य होय. प्रत्येक टप्पा पार पडला की तो आपल्या नावातील एक इंग्रजी अक्षर पडद्यावर उमटवी. पहिले 'एल' उमटून पुढे दोन अंकी संख्या आली तर चकती वाचण्यातच अडचण. 'एल-आय' वर थांबला तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू झाला नाही. 'एल-आय-एल' वर थांबला तर दुसरा टप्पा चालू झाला पण यादी हाती लागली नाही. आणि चारही अक्षरे आली तर लिलोपुरते सर्व ठीक. अर्धवट उमटलेल्या नावावरून व्याधीचे स्थान सांगणारी ही नाडीपरीक्षा इतकी नेमकी होती, की दूरच्या माणसास केवळ अक्षरे कळवून उपाय विचारता येत असे.

याच काळात आणखी एक अडचण अनेकांना बुचकळ्यात टाकीत असे. बायॉसच्या जुन्या पद्धतीत सिलिंडरच्या क्रमांकास दहा बिट दिलेले असल्यामुळे १०२४ व्या सिलिंडरपलीकडचा प्रदेश त्यास दिसतच नसे. ही मर्यादा आरंभी ५२८ मेगाबाइटांवर पडे आणि भाषांतराच्या युक्त्या केल्यावर सुमारे ८.४ गिगाबाइटांवर. विंडोजने हार्ड डिस्कचा पूर्वार्ध व्यापलेला असे, लिनक्स मागाहून येऊन उत्तरार्धात वस्ती करी, आणि त्याचा गाभा या अदृश्य रेषेपलीकडे पडला की यंत्र सुरू होत नसे. कित्येकदा असेही होई, की गाभा आज रेषेच्या अलीकडे असे, महिन्याभराने नवी आवृत्ती पलीकडे जाऊन पडे, आणि कालपर्यंत चालणारे यंत्र विनाकारण रुसले असे वाटे. हार्ड डिस्कच्या आरंभी काही मेगाबाइटांचा वेगळा 'बूट' विभाग आखण्याची जी चाल पुढे पुष्कळ वर्षे टिकली, तिचे मूळ या रेषेत आहे.

दुसऱ्या पक्षाची वर्तणूकही तपासली पाहिजे. १९९३ च्या विंडोज एनटीने आपला एनटीएलडीआर हा स्वागतक आणि त्याची बूट डॉट आयएनआय ही यादी आणली. तीत जुन्या डॉसला स्थान होते, परंतु लिनक्सचा नामनिर्देश नव्हता. चतुर मंडळींनी त्यातूनही वाट काढली. लिनक्सच्या बूट सेक्टराची ५१२ बाइटांची नक्कल एका फाइलीत उतरवून ती विंडोजच्या विभागात ठेवावी आणि यादीत तिचे नाव घालावे, म्हणजे स्वागतक अजाणता लिनक्ससही वाट देई. आयबीएमच्या ओएस/२ ने तर या कामासाठी स्वतंत्र बूट मॅनेजर देऊन सर्व विभागांस समान मान दिला होता; पण ती प्रणालीच बाजारात मागे पडली. १९९५ च्या विंडोजने आणि तिच्या वारसांनी मात्र प्रत्येक नव्या प्रतिष्ठापनेच्या वेळी पहिला सेक्टर न विचारता आपल्या नावे करून घेण्याचा परिपाठ ठेवला. यातूनच 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा मंत्र जन्मास आला, जो आजही नवशिक्यास प्रथम सांगितला जातो.

हा मंत्र आपल्या प्रांती पोहोचला तो प्रामुख्याने मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींतून. १९९६ साली पीसीक्वेस्ट मासिकाने लिनक्सची सीडी वाचकांस दिली, आणि त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. फोनवरून लिनक्स उतरवून घेणे त्या काळी खर्चाच्या दृष्टीने अशक्यप्राय असल्यामुळे ही सीडी हेच पुष्कळांचे प्रवेशद्वार ठरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन जुळविलेले यंत्र, त्यावर घरच्यांच्या कामासाठी विंडोज, आणि उरलेल्या जागेत सीडीवरून बसविलेले लिनक्स, अशी मांडणी महाविद्यालयीन तरुणांत रूढ झाली. घरात संगणक एकच असल्यामुळे दुअंमल हा त्यांचा षौक नव्हे तर निरुपाय होता. आणि बूट बिघडले म्हणजे वडिलांचे टपाल व बहिणीचा अभ्यास दोन्ही अडत असल्यामुळे दुरुस्तीची विद्या त्यांना शिकावीच लागली. पुणे, मुंबई येथील लिनक्स वापरणाऱ्यांच्या मंडळांनी ही विद्या एकमेकांस शिकविली. दुकानदारांचा उपाय मात्र बहुतेक ठिकाणी एकच राहिला : सारे पुसून विंडोज नव्याने घालणे. त्यात त्यांचा अडाणीपणा होता असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. गिऱ्हाईक उभे असताना दोन प्रणालींचा दावा तपासत बसण्यास त्यांच्यापाशी वेळ नसे, आणि पुसण्याच्या कामाचा दर ठरलेला असे.

लिलोच्या डोळे मिटून चालण्याच्या पद्धतीवर खरा उतारा मिळाला तो ग्रबच्या रूपाने. १९९५ साली एरिक बोलिन हा जीएनयू हर्ड ही प्रणाली सुरू करण्याच्या खटपटीत असताना त्याने हा कार्यक्रम लिहिला, आणि १९९९ साली गॉर्डन माट्झिगकाइट व योशिनोरी ओकुजी यांनी त्यास जीएनयू प्रकल्पाचे अधिकृत अंग बनविले. ग्रबचा विशेष हा, की तो सेक्टरांची यादी पाठ करीत नाही, तर फाइलव्यवस्था स्वतः वाचतो. गाभा कोठेही हलविला तरी नावावरून तो शोधू शकतो, आणि न सापडल्यास निमूट मरण्याऐवजी आज्ञा घेण्यास तयार होऊन उभा राहतो. ४४६ बाइटांत एवढी बुद्धी मावणे शक्य नसल्यामुळे तो पहिल्या सेक्टरात केवळ एक दूत ठेवतो, आणि आपला उरलेला संसार पहिल्या सेक्टरानंतर पहिला विभाग सुरू होईपर्यंत त्या काळी रिकाम्या राहणाऱ्या ६२ सेक्टरांच्या पट्ट्यात मांडीत असे. हा पट्टा कोणाच्याच नावे नसल्यामुळे तेथेही जुन्या कलहाची पुनरावृत्ती झाली. विंडोजवर चालणाऱ्या काही विकाऊ आज्ञावलींच्या परवाना तपासणाऱ्या भागांनी आपल्या गुप्त खुणा त्याच पट्ट्यात लिहिण्यास प्रारंभ केला, आणि विंडोजमध्ये एखादा कार्यक्रम उघडला एवढ्याच कारणाने दुसऱ्या दिवशी ग्रब कोलमडू लागला. यावर ग्रबच्या कर्त्यांनी आपल्या लेखनात रीड-सॉलोमन पद्धतीची त्रुटिसुधारक संकेतावली मिसळली, जेणेकरून मधले काही बाइट कोणी खरवडले तरी मजकूर पुन्हा जुळविता यावा. हीच गणिती युक्ती सीडीवरील ओरखड्यांवर मात करते. येथे ती शेजाऱ्याच्या अतिक्रमणावर मात करण्यासाठी योजावी लागली.

ग्रबच्या चुकाही लिलोप्रमाणेच बोलक्या होत्या. जुन्या ग्रबने 'एरर १५' म्हटले तर फाइल सापडत नाही, '१७' म्हटले तर विभाग दिसतो पण वाचता येत नाही, '२२' म्हटले तर विभागच नाही. नव्या पिढीचा ग्रब २, जो २००९ च्या ऑक्टोबरात उबुंटूने स्वीकारल्यामुळे घरोघरी पोहोचला, आकड्यांऐवजी शब्दांत बोलू लागला. परंतु त्याने एक नवा घोटाळा निर्माण केला. जुना ग्रब विभाग शून्यापासून मोजी, नवा एकापासून मोजू लागला, आणि हार्ड डिस्क मात्र दोघेही शून्यापासूनच मोजत राहिले. त्यामुळे जुन्या पुस्तकावरून उपाय करणारे नेमके शेजारच्या विभागाचे दार ठोठावू लागले. विंडोजमध्ये बसून लिनक्सचा विभाग पुसून टाकला, की पहिल्या सेक्टरातील दूत जिवंत राही आणि त्याचा संसार नाहीसा होई; अशा वेळी पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' ही ओळ येई, जी पाहून घाबरणारांची संख्या मोठी आहे. वास्तविक ती ओळ म्हणजे हाक आहे. तेथे विभागांची यादी मागावी, ज्या विभागात ग्रबच्या फाइली असतील तो शोधावा, त्याचा पत्ता दोन आज्ञांनी सांगावा, 'नॉर्मल' हा भाग भरून घ्यावा, आणि नेहमीची यादी पडद्यावर येते. लिनक्सच उरले नसेल तर विंडोजच्या सीडीवरून तिची स्वतःची पहिली पायरी पुन्हा लिहावी. हे काम २००० व एक्सपी या आवृत्त्यांत फिक्सएमबीआर करी, आणि व्हिस्टापासून पुढे बूटरेक.

उलट प्रसंगी, म्हणजे विंडोज नव्याने घातल्यामुळे ग्रब गेला असता, उपाय आला तो क्लाउस क्नॉपर याच्या क्नॉपिक्ससारख्या जिवंत सीडींच्या रूपाने, ज्या २००० नंतर प्रचारात आल्या. हार्ड डिस्कला स्पर्श न करता सीडीवरून, आणि पुढे पेन ड्राइव्हवरून, संपूर्ण लिनक्स सुरू करावे. मूळ लिनक्सचा विभाग जोडून घ्यावा. जणू त्याच्याच पोटात शिरून ग्रब पुन्हा बसविण्याची आज्ञा द्यावी. आणि दोन्ही प्रणालींची यादी नव्याने तयार करवावी. या विधीत फाइलींस धक्का लागत नाही, आणि जाणत्याच्या हाती तो काही मिनिटांत उरकतो. मात्र विधीपूर्वी निदान हवे : यंत्र बायॉसपाशी अडले, पहिल्या सेक्टरापाशी अडले, ग्रबपाशी अडले, की गाभा सुरू होऊन पुढे अडले, हे न पाहता हात चालविणारा माणूस एका बिघाडाचे दोन करतो.

पहिल्या सेक्टराची ही अनिर्बंध वहिवाट मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न इंटेलने केला. इटेनियम यंत्रांसाठी १९९८ साली आरंभिलेल्या उपक्रमातून ईएफआय निघाली, आणि २००५ साली अनेक उत्पादकांच्या मंडळाकडे ती सुपूर्त होऊन यूईएफआय या नावाने स्थिरावली. येथे पहिल्या सेक्टरातील ४४६ बाइटांचा पहारेकरी उरला नाही. त्याऐवजी हार्ड डिस्कवर सर्वांस सामाईक असा एक विभाग आला, त्यात प्रत्येक प्रणालीस आपापले दालन मिळाले, आणि कोणास कोणत्या क्रमाने बोलवावे याची नोंद यंत्राच्या स्वतःच्या कायम स्मृतीत होऊ लागली. चार रकान्यांच्या जागी जीपीटी तक्त्याने साधारणपणे १२८ रकाने दिले आणि जुन्या तक्त्याची दोन टेराबाइटांची मर्यादाही ओलांडली. शेवटी येणाऱ्याने आधीच्याचे पुसावे, याची गरजच नाहीशी झाली.

व्यवहारात मात्र दफ्तर नवे आले तरी कारकून जुनेच राहिले. यादी दोघांची असली तरी तिचा क्रम बदलण्याचा अधिकार दोघांसही आहे, आणि विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीनंतर लिनक्सची नोंद खाली सरकल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. काही उत्पादकांच्या यंत्रांस यादी वाचण्याचेच वावडे असून ती ठरावीक नावाच्या फाइलीखेरीज दुसरे काही ओळखत नाहीत. जुन्या पद्धतीने बसविलेली विंडोज आणि नव्या पद्धतीने बसविलेले लिनक्स एकाच यंत्रात आले तर दोघी एकमेकींस दिसत नाहीत, हा तर नवशिक्यांचा नित्याचा घोटाळा. विंडोज ८ पासून यंत्र बंद करताना प्रणाली पूर्णपणे न मिटता अर्धवट निजते, आणि तिच्या विभागात त्या अवस्थेत काही लिहिले जाऊ नये म्हणून लिनक्स तो केवळ वाचण्यापुरता जोडते. घड्याळाचीही अशीच गंमत आहे : विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ ठेवते, आणि भारतात यामुळे एका प्रणालीतून दुसरीत जाताना वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. जेथे एकच साधन दोघे वापरतात आणि नोंदीची रीत ठरलेली नसते, तेथे पुन्हा पुन्हा हेच घडते.

नंतरचा तंटा मात्र निराळ्या जातीचा आहे. तो जागेचा नसून शिक्क्याचा आहे. जोशी आणि मायकेलअँजेलो यांनी जी उणीव दाखवून दिली होती ती भरून काढण्यासाठी सिक्युअर बूट ही व्यवस्था आली, आणि २०१२ साली विंडोज ८ बरोबर विकल्या जाणाऱ्या यंत्रांत ती चालू असावी असा दंडक मायक्रोसॉफ्टने घातला. मान्यताप्राप्त शिक्का नसलेला कोणताही आरंभक यंत्र चालविणार नाही, हा तिचा नियम. आणि बहुतेक यंत्रांत मान्य असलेला शिक्का मायक्रोसॉफ्टचा. लिनक्सपुढे त्यामुळे पेच पडला, की प्रत्येक आवृत्तीवर प्रतिस्पर्ध्याकडून शिक्कामोर्तब करून घ्यावे काय? मॅथ्यू गॅरेट याने काढलेला तोडगा असा, की शिम नावाचा एक लहानसा मुतालिक तेवढा शिक्का घेऊन येईल, आणि तो स्वतःच्या जबाबदारीवर ग्रबची व गाभ्याची ओळख पटवून त्यांना आत घेईल. जानेवारी २०१३ मध्ये निघालेल्या फेडोरा १८ पासून हा तोडगा प्रचारात आला आणि पुढे सर्वमान्य झाला.

शिक्का ज्याच्या हाती, तो काढून घेण्याचा अधिकारही त्याच्याच हाती, हे जुलै २०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल नावाचा दोष सापडला तेव्हा स्पष्ट झाले. सदोष ग्रबच्या असंख्य प्रती शिक्क्यानिशी जगभर पसरलेल्या होत्या. प्रत्येकीची नोंद रद्द करणे यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत मावणारे नव्हते. म्हणून पिढीच्या क्रमांकावरून सरसकट नकार देणारी एसबॅट ही पद्धत काढण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीने हा क्रमांक पुढे सरकविला. ज्या यंत्रांत दोन प्रणाली आहेत तेथे हा बदल होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. पण दोन प्रणाली ओळखण्याची तिची परीक्षा अनेक ठिकाणी चुकली, आणि लिनक्स सुरू करू जाणाऱ्यांना शिमच्या तोंडून सुरक्षाधोरणाचा भंग झाल्याची वार्ता ऐकावी लागली. उपाय पूर्वीप्रमाणेच अहिंसक होता : सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्समध्ये शिरून मोकयूटिल या आज्ञेने ते धोरण पुसावे, आणि पुन्हा पहारा सुरू करावा. २०११ साली दिलेल्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत २०२६ साली संपत असल्यामुळे शिक्क्यांचा हा अध्याय अजून चालूच राहणार, हे उघड आहे.

हल्ली एका प्रणालीच्या पोटात दुसरी चालविण्याची साधने सुलभ झाल्यामुळे दुहेरी बूटची गरज पूर्वीइतकी राहिली नाही, आणि तिच्या दुरुस्तीची विद्याही कदाचित थोड्यांपुरती उरेल. तरीही या चार दशकांच्या इतिहासाकडे पाहता एक गोष्ट निर्विवाद दिसते. ब्रेनपासून एसबॅटपर्यंत जितके बिघाड झाले त्यांतील फारच थोड्यांत दोन प्रणालींचे अंगभूत वैर होते. डॉस, विंडोज व लिनक्स यांना एकमेकींच्या विभागात घुसण्याचे प्रयोजन क्वचितच होते. बिघाड झाले ते सामाईक जागेची मालकी अनिश्चित ठेवल्यामुळे, आणि मालकी ठरविण्याची वेळ आली तेव्हा ती एकाच पक्षाच्या हाती गेल्यामुळे. म्हणून दुरुस्ती करणारा जाणता माणूस पडद्यावरील ओळ वाचून प्रथम एवढेच विचारतो, की येथवर कारभार कोणाकडे होता आणि पुढे तो कोणाकडे जावयाचा होता. त्या दोन नावांच्या मध्ये जी नोंद तुटली असेल ती जोडली, की बाकीच्या गोष्टींस हात लावण्याचे कारण बहुधा राहत नाही. हार्ड डिस्क पुसण्याचा सल्ला देणारास ही दोन नावे सांगता येत नसतील, तर त्याचा सल्ला तूर्त बाजूस ठेवावा.